लाकडापाशी थोडा वेळ

घरातली एक लाकडी वस्तू निवडा. खुर्ची, टेबल, कपाट, देव्हारा, अगदी पोळपाटसुद्धा चालेल. ती सुंदर किंवा महाग असायलाच हवी असं नाही. जिच्या शेजारून तुम्ही रोज जाता आणि जिच्याकडे नीट पाहून बराच काळ लोटला आहे, अशी एखादी घ्या. तिच्याजवळ जमिनीवर बसा. मांडी घालणं जमत नसेल तर खुर्ची ओढून घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

मी हे पुण्याच्या वाघोलीत बसून लिहिते आहे. इथे संपूर्ण शांतता अशी मिळत नाही. नगर रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न, पाण्याच्या टँकरचा रिव्हर्स घेतानाचा आवाज, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी नव्या फ्लॅटमध्ये चाललेलं कटर मशीन, हे सगळं दिवसभर असतं. तुमच्याकडेही असेल. ते थांबण्याची वाट पाहू नका. चालू द्या, आणि लक्ष हळूहळू समोरच्या वस्तूवर आणा.

आता तिच्या कडेवरून एक बोट सावकाश फिरवा.

बोटाला धूळ लागेल. वाघोलीत तर सकाळी पुसलं तरी दुपारी लागते. ती झटकण्याआधी क्षणभर पाहा. या भागात वर्षानुवर्षं दगडखाणी आणि क्रशर चालले, आणि त्यांची करडी भुकटी हवेतून घराघरांत येत राहिली. हा दगड म्हणजे दख्खनचा काळा बसाल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे थरावर थर पसरत गेलेला लाव्हा. पुण्यातल्या कितीतरी इमारतींच्या स्लॅबमध्ये याच खाणींची खडी आहे. ती फोडणारी माणसं लांबलांबच्या दुष्काळी भागांतून आली, खाणींच्या कडेला पालं ठोकून राहिली, आणि त्यांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने इथे पाषाण शाळा चालवल्या. वाघेश्वराचं देऊळ आणि पिलाजीराव जाधवरावांची समाधी असलेलं हे जुनं गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं. पण खाणींच्या अवतीभोवती टॉवर त्याआधीच उभे राहिले होते. तुमच्या बोटावरच्या धुळीत हे सगळं आहे. पाहून झालं की पुसून टाका.

मग पूर्ण तळवा ठेवा. दाबू नका, फक्त ठेवा, आणि चार-पाच श्वास तसाच राहू द्या.

काय जाणवतं? थोडा गारवा, एकसारखा गुळगुळीतपणा, आणि हात सरकवला तरी कुठेच काही न बदलणं, असं असेल तर बहुधा ते लॅमिनेट आहे. आपण सगळेच त्याला सनमायका म्हणतो. वर दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा हा छापलेला कागद असतो. रेझिनमध्ये भिजवलेले कागदांचे थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेले असतात आणि सगळ्यांत वर तो छापील कागद. जाडी जेमतेम एक मिलिमीटर. यात कमीपणा वाटण्याजोगं काही नाही. पाणी सांडलं तर पुसता येतं, हळदीचा डाग निघतो, मुलांनी पेनने रेघोट्या ओढल्या तरी घर हादरत नाही. ज्या स्वयंपाकघरात रोज फोडणी बसते, तिथे हा कागदाचा थर इमानाने आपलं काम करतो. त्याच्याकडून लाकडाची अपेक्षा ठेवू नका, एवढंच.

आणि हाताखाली खरं लाकूड असेल तर? मग तळवा आधी रेषांच्या दिशेने न्या, नंतर रेषांना आडवा. आडवा नेताना बारीक खाचा लागतील. साग असेल तर त्या स्पष्ट लागतात. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात उभं असलेलं सागाचं झाड डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पानं गळतात, झाड उघडंबोडकं होतं, वाढ थांबते. पाऊस पडला की ताटाएवढी पानं फुटतात आणि मुळांतून वर पाणी नेण्यासाठी नव्या लाकडात मोठ्या नळ्या तयार होतात. पुढे सरत्या मोसमात लाकूड दाट होत जातं. एक उन्हाळा, एक पावसाळा, मिळून एक वलय. तुमच्या हाताला लागलेली प्रत्येक खाच ही कुठल्या तरी वर्षाच्या पहिल्या पावसाची आहे.

थोडं थांबा इथे. वलयं मोजायचा मोह होईल, मोजू नका. एकाच वलयावर बोट ठेवा. ते वर्ष चांगल्या पावसाचं होतं की कोरडं, हे त्या वलयाच्या रुंदीवरून थोडंफार कळतं. तेव्हा तुम्ही कुठे होता, जन्मला तरी होता का, हे तुम्हीच ठरवा.

आलापल्लीजवळ जंगलाचा एक तुकडा न तोडता राखून ठेवला आहे. ‘वनवैभव’ म्हणून तो ओळखला जातो. तिथले साग मान मागे टाकून पाहावे लागतात. जवळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो आले होते. पण त्याच लाकडाचा एखादा वाटा पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमार्गे कुणाच्या तरी साध्या चौकटीत, कुणाच्या पाटात गेलेला असतो. त्याचा फोटो कुणी काढलेला नसतो. पण झाडाचं वय दोन्हीकडे तेवढंच असतं.

तुमच्या हाताखाली प्लायवूड असेल, आणि आजच्या फ्लॅटमध्ये बहुधा तेच असतं, तर त्याची कड शोधा. पट्टी लावून कड झाकलेली असते, पण कपाटाच्या तळाशी किंवा मागे एखादी उघडी सापडेल. जवळ जाऊन पाहा. पातळ थर एकावर एक, एकाचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे, असे विषम संख्येने चिकटवलेले. हे थर आले कुठून? पूर्वी ईशान्येच्या जंगलांतून यायचे. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. तिथल्या गिरण्या बंद पडल्या आणि हा धंदा शेतातल्या लाकडाकडे वळला. हरियाणातल्या यमुनानगरच्या गिरण्यांना शेतकरी पॉपलर आणि निलगिरी पुरवतात, केरळातल्या पेरुंबावूरला रबराच्या मळ्यांतलं म्हातारं झालेलं लाकूड येतं. सहा-सात वर्षांत तोडणीला येणारं पॉपलर गव्हाच्या शेताच्या बांधावर उभं असतं. तुमच्या बेडरूममधलं कपाट हे बऱ्याच अंशी कुणाच्या तरी शेतातलं पीक आहे. हे कळल्यापासून प्लायवूडकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही.

त्याच कडेला नाक लावा. नव्या कपाटाला एक तिखट वास येतो, डोळे किंचित चुरचुरतात. तो थर चिकटवणाऱ्या रेझिनमधल्या फॉर्मल्डिहाइडचा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की तो हळूहळू कमी होतो. लहान मूल किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर प्लाय घेतानाच कमी उत्सर्जनाचा, ई-1 किंवा ई-0 म्हणून मिळणारा, मागावा. स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटासाठी आयएस 710 चा शिक्का पाहावा, कपड्यांच्या कपाटाला आयएस 303 पुरतो. दुकानदाराला हे विचारताना संकोच नको. आपण त्या हवेत झोपणार आहोत.

आता जे सांगायचं आहे, तिथे मी रेंगाळणार आहे.

पावसाळ्यात दार फुगतं, हा अनुभव प्रत्येक घराला आहे. जुलैत बाथरूमचं दार ओढून लावावं लागतं, मार्चमध्ये तेच सैल होतं. आपण वैतागतो, सुताराला बोलावून कड तासून घेतो, आणि उन्हाळ्यात फट दिसली की पुन्हा वैतागतो. पण झाड तोडल्यावरही लाकूड पाण्याशी नातं सोडत नाही. हवेतलं पाणी घेतं, सोडतं. पाणी घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं. यात एक गंमत आहे. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलतच नाही, सगळी हालचाल रुंदीत होते. म्हणजे चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी सागाची फळी वर्षभरात रुंदीला कमी-जास्त होईल, लांबीला होणार नाही. ही एक गोष्ट ज्याला मनापासून कळली, त्याला सुतारकाम कळलं असं जुने कारागीर मानत.

गावाकडच्या वाड्याचं एखादं जुनं दार आठवून पाहा. बाहेरची चौकट, तिच्यात बसवलेल्या फळ्या. त्या फळ्या चौकटीला चिकटवलेल्या नसतात, खिळ्यांनी ठोकलेल्याही नसतात. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच असते आणि फळी त्या खाचेत नुसती उभी असते. खाचेत थोडी रिकामी जागा ठेवलेली असते. आषाढात फळी फुगून ती जागा भरते, चैत्रात आकसून सोडते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात शिरलेलं असतं आणि आरपार लाकडाची खुंटी मारलेली असते. दीडशे-दोनशे पावसाळे काढलेली अशी दारं महाराष्ट्रात आजही उघडतात, लागतात. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर दरवाजे जरा वेळ काढून पाहा. नक्षीत डोळे गुंतून पडतात, साहजिक आहे. पण एकदा नक्षी सोडून कोपरे पाहा. जोड पाहा.

फेविकॉल बाजारात आलं 1959 मध्ये. त्याआधी सुताराकडे सरस असायचा. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, स्टोव्हवर गरम करावा लागणारा, आणि उग्र वासाचा. आज तो वास कुणालाच नको आहे आणि पांढऱ्या गोंदाने सुताराचे कष्ट वाचवले, यात वाद नाही. पण सरसाचा एक गुण होता. ऊब आणि ओलावा दिला की तो सुटायचा. म्हणजे खुर्चीचा पाय डुगडुगू लागला तर जोड न मोडता उकलता यायचा, साफ करून पुन्हा बसवता यायचा. उद्या ही वस्तू कुणीतरी दुरुस्त करील, हे करतानाच गृहीत धरलेलं होतं.

तुमच्यासमोरच्या वस्तूला विचारा: तुला उकलता येईल का? स्क्रू दिसतात का? मोडलेला भाग तेवढाच बदलता येईल, की सगळंच टाकावं लागेल? उत्तर मनात ठेवा. आत्ता काही करायचं नाही.

वस्तूला खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढा. कपाट असेल तर आतले कपडे थोडे सरकवून मागची प्लाय पाहा. टेबल असेल तर खाली वाकून पाहा. गुडघे कुरकुरले तरी वाका. वस्तू करणाऱ्याने आपल्याला दाखवायचं म्हणून जे केलं ते दर्शनी बाजूला असतं. आत, मागे, खाली तो एकटा असतो.

बहुतेक वेळा तिथे पेन्सिलीच्या खुणा सापडतात. माझ्या कपाटाच्या मागच्या प्लायवर आहेत. गुणाकाराच्या चिन्हासारखी एक फुली, एक बाण, आणि शेजारी साडेसतरा इंचावर दोन सूत असा आकडा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेप सेंटिमीटरची असो वा इंचाची, सुताराचा हिशेब आजही सुतातच चालतो. ‘एक सूत कमी करा’ हे शब्द मी कितीदा तरी ऐकले आहेत. खाली, वेगळ्या हाताच्या अक्षरात, एक बेरीज आहे. कदाचित लेबरची, कदाचित किराण्याची.

पुण्याच्या फ्लॅटांत काम करणारे बरेचसे सुतार राजस्थानातले असतात, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या घरांतले. काही उत्तर प्रदेशातले, बिहारमधले. काम चालू असेपर्यंत त्यांतले कितीतरी जण त्या अर्धवट फ्लॅटमध्येच राहतात. भुशावर चादर टाकून झोपतात, कोपऱ्यात गॅसच्या छोट्या शेगडीवर रोट्या भाजतात. आपल्या बेडरूममध्ये आपल्याआधी ते झोपलेले असतात. काम संपलं की खोली झाडून, हत्यारांची पेटी उचलून पुढच्या टॉवरला जातात. वास्तुशांतीला आपण भटजींना बोलावतो, बिल्डरचे आभार मानतो, इंटीरियरवाल्याचं नाव पाहुण्यांना सांगतो. ज्याने खिळा मारला त्याचं नाव आपल्याला बहुधा माहीत नसतं.

गावगाड्यात असं नव्हतं. बारा बलुतेदारांत सुतार होता, त्याला वर्षाचं बलुतं धान्यात मिळायचं, आणि नांगर, कुळव, दारं, बैलगाडी यांची त्याची जबाबदारी वर्षभराची असायची. त्या व्यवस्थेत जातीचा काच होता, सक्ती होती. ती गेली हे चांगलंच झालं आणि तिचे गोडवे गायची माझी इच्छा नाही. मात्र वस्तू करणारा आणि वापरणारा एकमेकांना वर्षानुवर्षं भेटत असत. पाट मोडला तर कुणाकडे जायचं हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे. ती ओळख जातीशिवाय, बळजबरीशिवाय ठेवता येणार नाही असं थोडंच आहे?

शेजारच्या इमारतीत एका सुताराला कपाटाचं शटर बसवताना पाहिलं होतं. शटर बिजागरीवर टांगून झालं होतं, माझ्या नजरेला तर अगदी सरळ दिसत होतं. तो दोन पावलं मागे गेला, एक डोळा मिटून खाली वाकला, दोन शटरमधली फट वरपासून खालपर्यंत पाहिली. पुढे येऊन बिजागरीचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला. पुन्हा मागे. पुन्हा वाकला. असं पाच-सहा वेळा झालं असेल. शेवटी त्याने शटर एका बोटाने ढकलून दिलं आणि ते कसलाही आवाज न करता जाऊन बसलं. घरमालक तिथे नव्हते, ठेकेदारही नव्हता. स्क्वेअर फुटाच्या दरात त्या पाव फेऱ्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

डोळे मिटा. तुमच्यासमोरच्या वस्तूवर ज्याने शेवटचा हात फिरवला असेल, त्याचा हात मनात आणा. बोटांच्या पेरांत भुसा, अंगठ्याजवळ जुना व्रण, नखांत पॉलिश. तो आज कुठे काम करत असेल? त्याच्या घरी त्याने स्वतः केलेली कुठली वस्तू असेल? घाई करू नका. श्वास जसा चालू आहे तसा चालू द्या.

डोळे मिटलेले असतानाच वेताच्या खुर्चीचा विचार करा. जुन्या सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, वाचनालयांत या खुर्च्या असायच्या. बसायची जागा वेताने विणलेली. ती वीण घालण्याचं काम आपल्याकडे वर्षानुवर्षं अनेक अंध कारागीर करत आले. वेत पाण्यात भिजवून मऊ करायचा, भोकातून काढायचा, उभे धागे, आडवे धागे, मग तिरपे, आणि प्रत्येक धागा सारखा ताणलेला आहे की नाही हे बोटाने छेडून पाहायचं. डोळ्यांना वीण सरळ दिसते की नाही याला तिथे दुय्यम महत्त्व; ताण बोटालाच कळतो. चंदीगड वसवताना, 1950 च्या दशकात, वास्तुविशारद पिअर जनरे यांच्या मार्गदर्शनाखाली सागाच्या आणि वेताच्या साध्या खुर्च्या हजारोंनी बनल्या. पुढे वीण सुटली, पाय हलू लागले, आणि कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या. आज त्याच खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखोंना विकल्या जातात. त्यांना इतकी वर्षं फक्त नव्या वेताची आणि एका विणणाऱ्या हाताची गरज होती.

हे वाचून कुणाला वाटेल, मी यंत्राच्या विरोधात आहे. तसं नाही. वाघोलीत रोज कितीतरी घरांत खोक्यांतून फर्निचर येतं, भाड्याच्या घरात राहणारी तरुण मुलं ते स्वतः जोडतात, आणि नोकरी बदलली की खोलून पुढच्या गावी नेतात. ही कल्पना फार जुनी आहे. मिखाएल थोनेट यांनी 1859 मध्ये वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची एक खुर्ची काढली. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात मावायच्या आणि जहाजाने जगभर जायच्या. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत गोल पाठीच्या, वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्यांवर आपण बन-मस्का खाल्ला, त्या याच घराण्यातल्या. कारखान्यात बनलेली ती खुर्ची शंभर वर्षं टिकली, कारण प्रत्येक भाग जेवढा हवा तेवढाच होता आणि सैल झालेला स्क्रू कुणालाही आवळता येत होता. भुशाच्या दाबलेल्या पाट्यात एकदा बसवलेला स्क्रू काढून पुन्हा बसवला की पकड जाते. दोष कारखान्याचा म्हणता येणार नाही. दुसऱ्यांदा जोडण्याचा विचार कुणी केलेला नाही, तिथे दुखतं.

डोळे उघडा. आता वस्तूकडून नजर काढून तिच्याभोवतीच्या रिकाम्या जागेकडे न्या. किती जागा उरली आहे?

पुण्यात विश्रामबागवाडा पाहिला असेल तर तिथले सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आठवतील. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. खांबांवर, छतावर लाकडाची एवढी श्रीमंती, आणि त्याखाली जमीन मोकळी. बैठक मांडली की दिवाणखाना, पाट मांडले की जेवणघर, गाद्या पसरल्या की निजायची खोली. वळकटी सकाळी उचलून ठेवायची. सामान भिंतीच्या जाडीत, फडताळात आणि कोनाड्यात, नाहीतर घडवंचीवर. पेशव्यांपासून सामान्य कुळवाड्यापर्यंत जमिनीशी हे नातं सारखंच होतं. आजच्या वन बीएचकेत आपण आधी एल आकाराचा सोफा ठेवतो, मग त्याच्याभोवती अंग चोरून चालतो, आणि घर लहान आहे म्हणतो.

इंटीरियर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘थीम कुठली?’ स्कँडिनेव्हियन, इंडस्ट्रियल, बोहो. या शैली वाईट नाहीत, पण त्या कुठून आल्या ते पाहिलं की डोळे उघडतात. उत्तर युरोपात हिवाळ्यात दिवस काही तासांचा असतो. मिळेल तेवढा उजेड घरात खेळवावा म्हणून तिथे भिंती पांढऱ्या आणि लाकूड फिकं. न्यूयॉर्कमध्ये ओस पडलेल्या कारखान्यांत चित्रकार राहायला गेले, गिलाव्याला पैसे नव्हते, म्हणून विटा आणि पाइप उघडे राहिले. प्रत्येक शैली तिथल्या माणसांनी तिथल्या अडचणीला दिलेलं उत्तर आहे. आपली अडचण काय आहे? एप्रिलमधलं चाळिशीला टेकलेलं ऊन, पश्चिमेची खिडकी, दिवसभर उडणारी दगडाची धूळ, टँकरचं मोजून-मापून वापरायचं पाणी, लहान खोल्या, आणि दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणारी माणसं.

या अडचणींकडे पाच मिनिटं शांतपणे पाहिलं तर फर्निचर कसं हवं ते आपोआप दिसू लागतं. उघड्या खाचा आणि मोल्डिंग कमी, कारण तिथे धूळ बसते आणि ती धुवायला पाणी नाही. पाय असलेलं, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे खालून फडकं फिरतं आणि वाराही. खिडकीच्या उंचीच्या वर न जाणारं, हवेच्या वाटेत न येणारं. खोलता-जोडता येणारं. पांढऱ्याशुभ्र चकचकीत शटरपेक्षा मातकट, मॅट रंगाचं. दुपारच्या उन्हात डोळ्यांना ते सुख देतं. आणि संख्येने कमी. अशी खोली मासिकात छापून येणार नाही कदाचित, पण माझ्या मते तीच वाघोलीची शैली आहे. छताला पीओपीचे तीन थर आणि त्यांत लपवलेले दिवे, याची इथे काही गरज नाही. त्या पैशांत एक चांगलं सागाचं टेबल येतं.

आता पुन्हा त्या वस्तूकडे या. तळवा पुन्हा ठेवा. तिला काही दुखतंय का पाहा: सैल बिजागरी, अडकणारा खण, उचकटलेली पट्टी, हलणारा पाय. मघाशी तिला एक प्रश्न विचारला होता, उकलता येईल का म्हणून. उत्तर ‘हो’ असेल, आणि बहुतेक वेळा थोडंसं तरी ‘हो’ असतंच, तर हातात स्क्रूड्रायव्हर घ्या आणि एक स्क्रू आवळा. हेसुद्धा मननच आहे. तुम्हाला जमत नसेल तर सोसायटीच्या वॉचमनला विचारा. कुठल्या विंगमध्ये सुतार काम करतो आहे हे त्याला हमखास माहीत असतं.

तो आला की चहा द्या. काम करताना जवळ बसा, पण सूचना देऊ नका. काम झालं की पैशांची घासाघीस न करता पैसे द्या आणि त्याचं नाव, गाव विचारा. मग त्याच्याच कानावरची पेन्सिल मागून घ्या आणि खणाच्या आतल्या बाजूला त्याच्याच हाताने त्याचं नाव, महिना आणि साल लिहून घ्या. पुढच्या वेळी काही बिघडलं की कुणाला बोलवायचं ते तुम्हाला माहीत असेल. तुमच्यानंतर जो तो खण उघडेल, त्यालाही.